आरशात काही नाही, तरी तोंडाची आग

“मॅडम, मी ४३ वर्षांची आहे, अंगणवाडीवर काम करते. दोन वर्षं झाली, तोंडाची आग व्हायलीय. साबण लागला की चुणचुण, ऊन लागलं की आग, फोडणीची वाफ आली तरी चटका बसल्यासारखं होतं. आरशात बघावं तर काहीच दिसत नाही, कधी जरासं लाल. रात्री नडग्या खाजवून खाजवून रक्त काढते. रविवारी शेतात गेले की पापण्या सुजतात. मान काळी पडलीय, घासून पण निघत नाही. थायरॉईडची ७५ ची गोळी चालू आहे, रक्तवाढीची पण आहे; दोन्ही सकाळी चहाबरोबर एकदाच घेऊन टाकते, म्हणजे विसरत नाही. अर्धशिशी लग्नाच्या आधीपासूनची. पोटाचं तर विचारूच नका, घराबाहेर पडायचं म्हटलं की कळ येते. आता शुगर बॉर्डरवर आहे म्हणाले. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे, त्यांनी अंडी, शेंगदाणे, वांगं सगळं बंद केलंय. मालक म्हणतात तुझ्या मनाचं आहे. जाऊबाईनं एक ट्यूब दिली, ती लावली की दोन दिवस बरं वाटतं. मला एवढंच सांगा, नाजूक कातडीमुळं हे आजार मागं लागले का आजारांमुळं कातडी नाजूक झाली? मूळ एक असलं तर औषध पण एकच द्या. माझ्या ९ वर्षांच्या लेकीच्या कोपराच्या घडीत पण खाजायलंय, तिला बालदमा आहे. तिचं पण असंच होणार का? सोबत रिपोर्ट जोडलेत.”
— एक वाचक, औसा तालुका

ताई,

ट्यूबचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘लावली की दोन दिवस बरं वाटतं’ एवढ्यावरून ती मला ओळखू आली. ओपीडीत रोज दोन-चार तरी अशा ट्यूब पर्समधून निघतात. शेपटाकडून घट्ट गुंडाळत आणलेल्या, थेंबभर मलम वाया जाऊ नये म्हणून. तुमच्या ट्यूबवरची अक्षरं मुंगीएवढी असतील, लेकीला वाचायला सांगा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काही सापडलं तर त्यात स्टेरॉइड आहे.

स्टेरॉइडवर माझा राग नाही. मीही लिहून देते. पण कुठल्या जागी, किती आणि किती दिवस हे ठरवून. चेहऱ्याची कातडी मुळात पातळ. तिथं महिनोन्‌महिने हे मलम लावलं की ती आणखी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा उमटतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. आणि मलम थांबवलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पेटतो. मग बाई म्हणते, माझी कातडीच नाजूक, मला हिच्याशिवाय चालत नाही. पुन्हा लावते, पुन्हा दोन दिवस बरं. सरकारनं २०१८ मध्ये अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तो कुठे पाळला जातो ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या आगीत या ट्यूबचा हात किती हे ती किती दिवस लावताय त्यावर आहे, आणि नेमकं तेच पत्रात नाही. आठवडाभरच लावली असेल तर आजच बंद करा. महिने झाले असतील तर मात्र हे वाचून रागानं फेकून देऊ नका. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ते सौम्य मलमावर आणून हळूहळू सोडवतात, किंवा मधल्या काळात टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं मलम देतात. काही आठवडे जातात, कधी काही महिनेही. औशाहून लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथं त्वचेची ओपीडी आहे. अंबाजोगाईलाही आहे.

आता तुमचा प्रश्न. कातडीनं थायरॉईड बिघडवलेला नाही आणि शुगरही वाढवलेली नाही. उलट बाजूनं मात्र बरंच घडतंय, आणि त्यातलं निम्मं रोज सकाळी एका घोटात घडतंय.

तुमचा टीएसएच ११.८ आहे. थायरॉईड कमी पडला की रक्तातला हा आकडा वाढतो. गोळी चालू असताना तो साधारण ४-४.५ च्या आत असावा. हिमोग्लोबिन ९.४. म्हणजे थायरॉईडची गोळी घेऊनही थायरॉईड ताब्यात नाही आणि लोहाची गोळी घेऊनही रक्त वाढत नाही. डॉक्टर डोस वाढवायचा विचार करतील, पण त्याआधी त्यांना तो चहाचा कप सांगा. लोह थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, ती रक्तात नीट उतरत नाही. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो. चहा थायरॉईडच्या गोळीलाही आडवा येतो. तिन्ही एकाच घोटात घेतली की एकमेकांचे पाय ओढतात. तुम्ही गोळी विसरत नाही, उलट रोज नेमानं वाया घालवताय.

उद्यापासून असं करा. उठल्या उठल्या, तोंड धुतलं की थायरॉईडची गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. (हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. शेवटी मी उशाशी गोळी आणि तांब्या ठेवायला सांगते.) लोहाची गोळी त्यानंतर निदान चार तासांनी, अंगणवाडीतल्या मुलांचं जेवण झालं की तुमची गोळी, असं बांधून टाका. वरून लिंबू पिळलेलं पाणी चालेल, चहा चालणार नाही. असं सहा ते आठ आठवडे करून टीएसएच पुन्हा तपासा. डोस वाढवायचा का ते तेव्हा कळेल.

याचा कातडीशी संबंध असा. थायरॉईड कमी पडला की घाम आणि तेल सोडणाऱ्या ग्रंथी मंदावतात. कातडी कोरडी, खरखरीत होते, नडग्यांवर तर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा दिसतात. लोह कमी असलं तर पुरळ नसतानाही अंग खाजतं. तुमच्या नडग्यांची खाज मला या दोन्हींची वाटते, ‘रक्त बिघडल्या’ची नाही. पाळीत खूप जातं का हे तुम्ही लिहिलं नाही. ४३ व्या वर्षी ते विचारावंच लागतं. जात असेल तर बाईंच्या डॉक्टरांना दाखवा, नाहीतर गोळीनं भरायचं आणि दर महिन्याला सांडायचं असं चालू राहील. नडग्यांना बिब्बा लावायचा सल्ला कुणी दिला असेल तर हात जोडून नाही म्हणा. तो उतला की फोड येतात, आणि असा उतलेला पाय मी वर्षातून दोन-तीन तरी बघतेच. आंघोळ करून अंग ओलसर असतानाच साधं खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली चोळा, सुकल्यावर नाही. सुगंधी काही नको.

मानेबद्दल. ती घासू नका. वज्री, घासणी, लिंबू, सगळं बंद. तो मळ नाही. मखमलीसारखी जाड, काळसर कातडी मानेवर, काखेत आली की शरीरात इन्सुलिन जास्त झालंय आणि ते कातडीच्या पेशींना वाढायला लावतंय असं समजायचं. तुमची उपाशीपोटीची शुगर ११४ आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज, ६.२ आहे. हा मधुमेह नव्हे, त्याच्या अलीकडची पायरी. मान हे रिपोर्टच्या आधीपासून सांगत होती, पण आपल्याकडे मानेला मळ म्हणतात आणि पोरीबाळींना त्यावरून बोल लावतात. वजन चार-पाच किलोनं उतरलं की काळेपणाही हळूहळू उतरतो. शुगर अशी असताना जांघेत, काखेत, कमरेला गजकर्ण लवकर धरतं. त्यावर जाऊबाईंची ट्यूब कधीच लावू नका. खाज थांबते आणि गजकर्ण ऐसपैस पसरतं.

हे झालं जे रिपोर्टात दिसतं ते. आता जे दिसत नाही ते.

मालकांना हे वाचून दाखवा. २०१७ मध्ये खाजेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं नाजूक त्वचेची व्याख्या ठरवली. ज्या गोष्टीनं एरवी काही होऊ नये तिनं आग, चुणचुण, टोचणी, खाज होणं, आणि कातडी दिसायला अगदी नेहमीसारखी असू शकणं. आरशात काही न दिसणं हे व्याख्येतच बसलंय. बिघाड असतो तो संवेदना नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंचा. ते गरजेपेक्षा लवकर ओरडतात.

आणि सासूबाई अगदीच चुकलेल्या नाहीत. या मज्जातंतूंच्या टोकाला एक प्रथिन असतं, त्याचं नाव टीआरपीव्ही१. साधारण ४३ अंशांच्या पुढची उष्णता लागली की ते जागं होतं, आणि मिरचीतल्या तिखट द्रव्यानंही तेच जागं होतं. मिरची थंड असली तरी तोंड भाजतं ते यामुळं. हे शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. नाजूक कातडीत हे टोक कमी चिथावणीवरही पेटतं असं दिसतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो, त्यात चूल, त्यात फोडणी. तेव्हा ‘उष्णता’ हा शब्द चुकीचा नाही. पण अंडी, शेंगदाणे आणि वांगं बंद करून ती उतरत नाही. ९.४ हिमोग्लोबिनच्या बाईची अंडी बंद करणं मला पटत नाही. अंडी, शेंगदाणे, पालेभाजी, कारळ्याची चटणी पुन्हा सुरू करा. झणझणीत ठेच्यानं चेहरा लाल होत असेल तर तेवढा ठेचा बेतानं.

तुम्ही मागितलेलं ‘एक मूळ’ कुठे असेल तर या लवकर ओरडणाऱ्या मज्जातंतूंत आहे, आणि तेही तीन तक्रारींपुरतं. अर्धशिशी उठलेली असताना केसांतून कंगवा फिरवून बघितलाय? कित्येकींना डोक्याची कातडी दुखते, कानातलं नकोसं होतं, उशीला गाल टेकवत नाही. कातडीला काही झालेलं नसतं. डोक्यातली दुखण्याची यंत्रणा तेवढ्या वेळापुरती नको इतकी जागी असते. पोटाचंही तसंच. आतड्याच्या तपासण्या चांगल्या येतात, पण साधा वायू सरकला तरी कळ येते, आणि एसटीत बसायचं म्हटलं की हमखास. नाजूक कातडीच्या लोकांत पोटाची ही तक्रार इतरांपेक्षा जास्त आढळते. तुमच्यात चेहरा, डोकं आणि पोट एकाच स्वभावाचे निघाले, एवढं म्हणता येईल. थायरॉईड आणि शुगर या टोळीतले नाहीत, त्यांचं खातं वेगळं.

मनाचं म्हणाल तर झोप मोडली, घरात वाद झाला, अंगणवाडीच्या ॲपमध्ये माहिती भरायची राहिली, की आग वाढते. ते खरं आहे. पण भांडणानं बीपी वाढतं म्हणून बीपीला कुणी मनाचा आजार म्हणत नाही.

अशा त्रासाला ॲमिट्रिप्टिलीन नावाची जुनी, स्वस्त गोळी अगदी थोड्या मात्रेत रात्री देतात. अर्धशिशीला उपयोगी, पोटात वारंवार येणाऱ्या कळेला उपयोगी, मज्जातंतूंच्या आगीलाही काहींना उपयोगी. ‘एकच औषध द्या’ या मागणीच्या सगळ्यात जवळ जाईल ते हेच. पण तिनं भूक आणि वजन वाढू शकतं, आणि तुमची शुगर बॉर्डरवर आहे. म्हणून मी पत्रातून ती सुचवणार नाही, समोर बसलेले डॉक्टर ठरवतील. त्यांनी लिहून दिली आणि मेडिकलवर कुणी ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ म्हणालं, तर घाबरून परत आणू नका. मोठ्या मात्रेत ती त्यासाठी असते.

पापण्यांचा मामला मात्र या सगळ्यापेक्षा निराळा आहे. मला संशय काँग्रेस गवताचा येतो. गाजर गवत, चटकचांदणी, तुमच्याकडे जे म्हणत असतील ते. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं, आयात केलेल्या गव्हातून आलं असं मानतात, आणि आज बांध, पाणंद, शाळेचं मैदान, अंगणवाडीची भिंत, काही सोडलेलं नाही. त्याला हात लागायलाच हवा असं नाही. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यावर उडतो, पापण्यांच्या घडीत, मानेच्या वळ्यांत, कोपराच्या आत बसतो आणि तिथं इसब उठतो. निलंग्याकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा बैलाच्या वशिंडासारखा जाड, सुरकुतलेला झाला होता. सहा वर्षं ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणून औषधं चालू होती. मी त्यांना हनुवटी वर करायला लावली. हनुवटीखाली आणि कानामागं, जिथं ऊन पोचतच नाही, तिथंही तेवढाच जाडपणा. ऊन तिथं जात नाही, पण वारा जातो.

तुम्हीही पुढच्या वेळी पापण्या सुजल्या की कानामागं, हनुवटीखाली हात फिरवून बघा, आणि फोनवर फोटो काढून ठेवा, कारण डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत सूज उतरलेली असते. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी आणि पुन्हा चौथ्या दिवशी बघायची पॅच टेस्ट असते. गवत, केसांचा डाय, टिकलीचा डिंक, सेफ्टी पिनांतलं निकेल, कशाचं वावडं आहे ते त्यात कळतं. गवताचं निघालं तर त्याच कुळातली शेवंती आणि सूर्यफूलही सांभाळून. खुरपायला जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, स्कार्फ, आणि घरी आल्यावर आधी कपडे बदलून तोंड धुणं. तोच स्कार्फ न धुता आठवडाभर वापरला तर उपयोग उलटा होतो.

तोंड धुण्यावरून आठवलं. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून आपण तो दुप्पट घासतो, आणि चिकट साका कातडीवरच राहतो. साबण बरेचसे अल्कधर्मी, कातडी स्वतः जराशी आम्ल. भांडण तिथं आहे. चेहऱ्याला साबण बंद करा. साबणविरहित साधं क्लिन्झर घ्या, नाहीतर नुसतं पाणी, आणि शेवटचे दोन तांबे पिण्याच्या जारमधल्या पाण्याचे. पाणी मऊ करणारं यंत्र विकायला कुणी घरी आलं तर परत पाठवा. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या मुलांच्या घरी अशी यंत्रं बसवून पाहिली होती, इसबात फरक पडला नाही.

काही गोष्टी तुमच्या पत्रात नाहीत, आणि नाहीत हे बरं आहे. उन्हानं गालावर चट्टा, सोबत सांधे सुजणं, तोंडात छाले, केस गळणं. अंगभर खाज आणि डोळे पिवळे. खाजेबरोबर बारीक ताप, वजन उतरणं, गळ्यात गाठी. ओठ सुजून श्वास कोंडणं. यातलं काही दिसलं तर सल्ला सदराला पत्र लिहीत बसू नका. शेवटचं असेल तर त्याच मिनिटाला दवाखाना. आणि जो चट्टा खाजतही नाही, टोचलेलंही कळत नाही, तो तर आधी दाखवायचा. तो कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. घरोघरी फिरताना तुम्हालाच तो आधी दिसेल, म्हणून लिहिलं.

लेकीचं. तिचं तुमच्यासारखं नाही. कोपराच्या घडीतली खाज आणि बालदमा ही जोडी ओळखीची आहे. कातडीचा बांधच जरा विरळ असतो, त्यातून बाहेरचं आत शिरतं, आणि शरीर ज्याला त्याला शत्रू समजायला लागतं. आधी कातडीवर, मग नाकात, छातीत. हे घराण्यात चालतं. तुमच्या किंवा मालकांच्या घरात कुणाला दमा, सकाळच्या शिंका आहेत का बघा. बहुतेक मुलांचा इसब मोठं होता होता कमी होतो. तिला दिवसातून दोनदा बिनवासाचं मॉइश्चरायझर, लोकरीच्या स्वेटरच्या आत सुती बनियन, नखं कापलेली. दूध-अंडी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. तिच्या डॉक्टरांनी आठ-दहा दिवसांसाठी स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं तर वर मी जे लिहिलं त्यानं घाबरून ते टाळू नका. ते औषध म्हणून दिलेलं असेल. दम्याचा पंपही तसाच, ‘सवय लागते’ म्हणून बंद करायचा नाही.

लातूरला जाल तेव्हा ट्यूब, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, टिकलीचं पान, डायचं खोकं आणि फोनमधले फोटो घेऊन जा. लेकीला पण न्या, एका फेरीत दोघींचं होईल. आणि दाखवायला जायचं म्हणून पावडर लावून जाऊ नका. मला, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना, खालचं बघायचं असतं.